गोळीचं नाव

आमच्या मेडिसिनच्या युनिटमध्ये केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीकसा गोल काढायची पद्धत होती. या पेशंटचं दुखणं मनाचं आहे, अंगात फारसं काही नाही, घाई करू नका, असा त्याचा अर्थ. पेनानं काढायचा नाही, कारण युनिटप्रमुख सरांच्या राउंडच्या आधी तो खोडायचा असे. सरांना गोल दिसला तर ते ओरडायचे. स्वतः मात्र खाटेपुढे उभं राहून "घरी काही टेन्शन आहे का हो?" असं विचारायचे आणि उत्तर न ऐकताच पुढच्या खाटेकडे वळायचे. पेन्सिल आणि खोडरबर सांभाळायचं काम पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरचं. त्या वर्षी ते माझ्याकडे होतं.

गोल पडला की पेशंटची खाट आपोआप कोपऱ्यात जायची. रक्ताचे रिपोर्ट कुणी धावत जाऊन आणायचं नाही. सिस्टरनी फोन केला तर "गोल आहे ना? येतो" म्हणायचं आणि चहा संपवून जायचं. एखादी मुलगी दातखीळ बसून आली, की तिचा हात उचलून तिच्याच तोंडावर सोडून बघायचा. खरी बेशुद्ध असेल तर हात तोंडावर आपटतो, नसेल तर बाजूला पडतो. बाजूला पडला की सगळे एकमेकांकडे बघून हसायचे. मीही हसायचे, आणि माझं हसणं जरा जास्तच मोठं असायचं.

त्याचं कारण माझ्या खोलीतल्या कपाटात होतं. कॅल्शियमच्या डबीत मी रोज घ्यायचे ती लिथियमची गोळी ठेवलेली असे. याच कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षी मी सहा दिवस झोपले नव्हते. सहाव्या दिवशी हॉस्टेलच्या गच्चीवर उभी राहून, सगळ्या वैद्यकशास्त्राचं सार मला कळलंय, असं मी मोठमोठ्यानं सांगत होते. आई-बाबा करमाळ्याहून गाडी करून आले आणि मला थेट पुण्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन महिन्यांनी मी परतले तेव्हा आईनं पढवून ठेवलं होतं: कावीळ झाली होती म्हणून सांग.

कावीळ हा फार इज्जतदार आजार आहे. मैत्रिणींनी उसाचा रस आणून दिला, नोट्स लिहून दिल्या, मेसच्या मावशींनी तीन आठवडे माझ्यासाठी बिनतेलाची भाजी वेगळी काढली. गच्चीवरचं माझं भाषण ऐकलेल्यांनीसुद्धा ते तापात बरळणं म्हणून सोडून दिलं. मला गहिवरून यायचं आणि लाजही वाटायची. त्याच वर्षी आमची मनोविकार विभागातली दोन आठवड्यांची पोस्टिंग होती, तिला सगळे सुट्टीची पोस्टिंग म्हणायचे. हजेरी लावून अर्धे सिनेमाला जायचे. उरलेले पेशंटच्या नकला करायचे, आणि त्या फार हुबेहूब असायच्या. वर्गातला एक हुशार मुलगा म्हणाला की मला पुढे हेच करायचंय, तर सगळ्यांनी त्याला विचारलं, "का रे, मार्क कमी पडतील असं वाटतंय का?" मीही विचारलं. एवढं सगळं बघितल्यावर डबीवरचं कॅल्शियमचं लेबल काढायचा धीर मला झाला नाही.

लिथियमची गोळी घेणाऱ्यानं दर तीन महिन्यांनी रक्तातली तिची पातळी तपासायची असते. कमी झाली तर उपयोग नाही, वाढली तर विष. आमच्या रुग्णालयात ही तपासणी होत नव्हती, आणि होत असती तरी मी केली नसती. सात रस्त्याच्या एका खाजगी लॅबमध्ये मी तोंडाला ओढणी गुंडाळून जायचे. सोलापूरच्या उन्हात ओढणीचं कुणाला नवल वाटत नाही. नाव आईचं द्यायचे, वयही तिचंच. त्यामुळे माझ्या सगळ्या रिपोर्टांवर मी बावन्न वर्षांची आहे.

त्या दिवशी आमच्या युनिटचा इमर्जन्सीचा दिवस होता. मे महिना. सकाळी नऊलाच वॉर्डातले पंखे गरम हवा फेकत होते. साडेदहाच्या सुमाराला माळशिरसकडचे एक शेतकरी बायकोला हाताला धरून घेऊन आले. धरून म्हणजे जवळजवळ उचलूनच. बाई पन्नाशीच्या, अंगानं काटक, डोक्यावरचा पदर घसरलेला. खाटेवर निजवलं तर एक पाय खाली लोंबकळत राहिला आणि त्यांना तो वर घेता येईना.

"कालपास्नं उलट्या चाललत्यात," नवरा म्हणाला. "पाय ठरंना झाल्यात. बोललेलं बी उमजत न्हाय."

माझे सिनिअर, म्हणजे तिसऱ्या वर्षाचे रेसिडेंट, वाईट माणूस अजिबात नव्हेत. हात चलाख, डोकं चलाख, पेशंटवर कधी खेकसायचे नाहीत. फक्त त्या सकाळी त्यांच्यापुढे हार्टचे दोन आणि विष प्यालेला एक असे पेशंट आधीच होते. त्यांनी उभ्या उभ्या विचारलं, "आधीचा काही आजार?"

नवऱ्यानं इकडेतिकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "डोक्याच्या गोळ्या चालू हायत. लई वर्सं झाली."

"हां," सिनिअर म्हणाले. त्या एका 'हां'मध्ये सगळं आलं. नाडी बघितली, बीपी बघितलं, डोळ्यांत टॉर्च मारला, आणि पुढच्या खाटेकडे जाता जाता मला बोटानं हवेत गोल काढून दाखवला.

आमची एक सवय तेव्हापर्यंत माझ्याही लक्षात आली नव्हती. पेशंट साखरेच्या गोळ्या खातो म्हणाला, की आम्ही गोळीचं नाव, ताकद, किती वेळा, सगळं लिहायचो. चिठ्ठी नसेल तर फोन करून घरच्यांना नाव वाचून दाखवायला लावायचो. बीपीचंही तसंच. पण डोक्याच्या गोळ्या म्हटलं की केसपेपरवर 'मानसोपचार चालू' एवढंच लिहून पुढे जायचं. नाव कुणी विचारत नसे. मीसुद्धा तेवढंच लिहिलं आणि पेन्सिलीनं गोल काढला.

गोल काढून मान वर केली तेव्हा बाईंचे हात दिसले. दोन्ही हात कापत होते. भीतीनं किंवा थंडीनं कापतात तसे नाही. धान्य पाखडताना सूप हलवावं तसे जाडजूड, थांबून थांबून. मधूनच खांदा उडत होता. मी नाव विचारलं तर जीभ जड होऊन अर्धवट सांगितलं त्यांनी. माझ्या पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एका कागदावर मला लिहून दिलं होतं: उलट्या, झोकांड्या, जीभ जड, हात जोरात कापणं, यातलं काहीही झालं तर गोळी थांबव आणि धावत ये. तो कागद मला पाठ होता. रोज रात्री हात पुढे करून, बोटं ताणून मी स्वतःला तपासत आले होते.

मी नवऱ्याला बाजूला घेतलं. "गोळ्या आणल्यात का?"

त्यांनी बनियनच्या खिशातून हिंगाची डबी काढली. आत कात्रीनं कापलेले स्ट्रिपचे तुकडे होते. "सुना हायत घरात, पावणंरावळं येत्यात," ते म्हणाले. "म्हनून डबीत."

हिंगाच्या वासाच्या त्या तुकड्यांपैकी एक मी उजेडात धरला. त्यावर माझ्याच गोळीचं नाव होतं.

"आणखी काय चालू केलं होतं का हल्ली?"

"गुडघं दुखत्यात म्हनून गावाकडच्या डाक्टरनं गोळ्या दिल्यात. पंदरा दिस झालं."

"ह्या गोळीचं सांगितलं होतं त्यांना?"

"न्हाय की. ती म्हनली, सांगू नगा. मागं एकदा सांगितलं तर पोटात दुखतंय म्हनलं तरी डाक्टर म्हनला, डोक्याचंच हाय. तवापास्नं ती कुटंच सांगत न्हाय."

दुखण्याच्या गोळ्या, मे महिन्याचा घाम, वर उलट्या. लिथियम रक्तात साठायला आणखी काय लागतं? मला सगळं दिसत होतं. दहा पावलं चालून सिनिअरांना सांगायचं होतं, एवढंच.

मी गेले नाही.

हे लिहिताना आजही मला स्वतःचा संताप येतो. ही काही गुप्त विद्या नव्हती. पाठ्यपुस्तकात अख्खं पान आहे त्यावर. कुठल्याही रेसिडेंटला ते माहीत असायला हवं. मी सांगितलं असतं तर सिनिअर "अरे हो" म्हणाले असते. पण माझ्या भीतीनं त्या क्षणी सगळं वेगळंच मांडलं. तुलाच बरं सुचलं? तुलाच बरा हात ओळखता आला? मग कुणाला तरी गच्ची आठवेल, कुणाला तरी कावीळ आठवेल, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या नावापुढे गोल पडलेला असेल. एकदा तो पडला की मी लिहिलेली प्रत्येक ऑर्डर दुसरा कुणीतरी तपासणार. मी जोरात हसले तरी बघणार, गप्प बसले तरी बघणार. मी हे इतकं खरं धरून बसले होते, कारण दुसऱ्यांच्या बाबतीत मी स्वतः तेच करत होते.

मग मी भित्र्या माणसाची मधली वाट काढली. कुणाला न सांगता बाईंना सलाईन लावलं आणि जोरात सोडलं. किडनीच्या तपासणीचं रक्त पाठवलं. हिंगाची डबी माझ्या ॲप्रनच्या खिशात टाकली. नवऱ्याला म्हटलं, "ह्या गोळ्या आता देऊ नका." दर वीस मिनिटांनी मी काहीतरी निमित्त काढून त्या कोपऱ्यात जायचे, हात बघायचे आणि परत यायचे. साडेअकरा वाजले, साडेबारा वाजले. जेवायची सुट्टी झाली तेव्हा कँटीनमध्ये कुणीतरी मला म्हणालं, "काय गं, कोपऱ्यातली बाई नातेवाईक आहे का तुझी?" सगळे हसले.

दोन वाजता सिस्टरनी ओरडून हाक मारली. बाईंना फिट आली होती. अख्खी खाट हादरत होती, आणि नवरा खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरून उभा होता, जसं काही खाटच पळून जाणार होती. मी इंजेक्शन दिलं, कुशीवर वळवलं. फिट थांबली. सिनिअर धावत आले. मी खिशातली डबी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"लिथियम आहे," मी म्हटलं. "वर पंधरा दिवस दुखण्याच्या गोळ्या."

त्यांनी स्ट्रिप बघितली, बाईंकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. पुढची दहा मिनिटं त्यांनी ज्या झपाट्यानं काम केलं ते मी विसरणार नाही. किडनी विभागाला फोन, डायलिसिसची तयारी, ईसीजी. सिस्टर रक्त काढायला हिरव्या झाकणाचा बल्ब, म्हणजे रक्त भरायची छोटी नळी, घेऊन आल्या.

"हिरवा नको!" माझ्या तोंडून निघून गेलं. "त्यात आधीच लिथियम असतं, रिपोर्ट चुकेल. लाल झाकणाचा घ्या."

सिनिअर माझ्याकडे बघायला लागले. "पण लेव्हल इथे होतच नाही. पुण्याला पाठवायची तर उद्या कळेल."

"सात रस्त्याला होते. तीन तासांत रिपोर्ट देतात."

"तुला कसं माहीत?"

"एका नातेवाइकाची करते मी."

नवऱ्याला शहर माहीत नव्हतं, म्हणून सिनिअर म्हणाले, "चल, गाडीवर सोडतो. तू आत देऊन ये." उन्हात सीट तापलेली होती. सात रस्त्याच्या सिग्नलला आम्ही थांबलो तेव्हा मी मनात घोकत होते की ते बाहेरच थांबतील, गाडी लावायला इथे जागा नसते, ते बाहेरच थांबतील. त्यांनी गाडी फुटपाथवर चढवली आणि माझ्यामागे आत आले.

काउंटरवरचे चाचा मला चांगले ओळखायचे. ओढणी नव्हती, तरी डोळ्यांवरून ओळखलं असावं. "अरे मॅडम, इत्ते जल्दी?" ते हसून म्हणाले. "तीन महिने कुठं झाले अजून? त्याच नावानं करू ना, नेहमीच्या?"

मी बल्ब काउंटरवर ठेवला. "हे पेशंटचं आहे, चाचा," मी म्हटलं. फॉर्मवर बाईंचं नाव लिहिताना माझं अक्षर मलाच वाचता येईना. सिनिअर भिंतीवरचं दरपत्रक वाचत उभे होते. थायरॉईडपासून थुंकीपर्यंत सगळं त्यांनी वाचलं असावं.

आम्ही परत आलो. रुग्णालयाच्या पायऱ्यांशी त्यांनी गाडी बंद केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सकाळीच का नाही सांगितलंस?"

"लक्षात नाही आलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग अगदी मायेनं म्हणाले, "ड्यूटी झेपते ना तुला?"

रिपोर्ट आला. पातळी जेवढी असावी त्याच्या तिपटीहून जास्त होती. डायलिसिस तोवर सुरू झालं होतं. तिसऱ्या दिवशी बाईंनी नवऱ्याला ओळखलं, पाचव्या दिवशी भाकरी मागितली. पण उभ्या राहिल्या की झोकांडी जायची, आणि ती काही जाईना. मी मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं की सकाळी साडेदहालाच कळलं असतं तर ही चाल वाचली असती का. ते म्हणाले, "सांगता येत नाही." मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं.

सिनिअरांनी माझं कुणालाही सांगितलं नाही, याची मला आज खात्री आहे. तेव्हा नव्हती. दोघं बोलता बोलता थांबले की माझ्यामुळेच थांबले असं वाटायचं. आणि मी भ्यायले होते ती गोष्ट झालीच, फक्त ती प्रेमानं झाली. सिनिअर माझी प्रत्येक ऑर्डर पुन्हा वाचू लागले. इंजेक्शनचा डोस माझ्यामागून सिस्टरना विचारून घ्यायचे. सकाळी भेटले की "झोप झाली का?" असं विचारायचे, बाकी कुणाला ते असं विचारत नव्हते. एकदा मी कशावरून तरी चिडून मोठ्यानं बोलले तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी वाक्य अर्धंच सोडलं. माझ्या हातून पेन्सिल मात्र त्यांनी काढून घेतली, आणि आमच्या युनिटमध्ये गोल काढणं बंद झालं. त्यांनी चारचौघांत त्याचं कारण दिलं नाही.

बाईंना घरी सोडायचा दिवस आला. खाटेभोवती पाच-सहा विद्यार्थी उभे होते. सिनिअर त्यांना सांगत होते, "डोक्याच्या गोळ्या असं लिहून चालणार नाही. नाव विचारायचं. प्रत्येक वेळी नाव विचारायचं." विद्यार्थी लिहून घेत होते. मी खाटेच्या कडेवर बसून डिस्चार्ज कार्ड लिहीत होते: बंद केलेली गोळी, मनोविकार विभागानं सुरू केलेली नवी गोळी, दुखण्याच्या कुठल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. दोन्ही गोळ्यांची नावं मराठीत, मोठ्या अक्षरांत.

बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. माझा हात थोडा कापतो. बारीक, पटकन लक्षात न येणारा कंप. पातळी ठीक असली तरी ही गोळी तेवढं करतेच. त्यांनी त्यांचा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"बाई," त्या म्हणाल्या. जीभ अजून जरा जड होती, पण आवाज वॉर्डभर ऐकू जाईल एवढा होता. "तुमी बी घेता व्हय ती गोळी?"

विद्यार्थ्यांची पेनं थांबली. सिनिअर खिडकीबाहेर बघायला लागले.

"नाही हो," मी हसून म्हटलं. "चहा लई होतो माझा."

बाईंनी मनगट सोडलं नाही. पण त्यांनी मला सांभाळून घेतलं.

"व्हय की, चहानं बी व्हतं," त्या म्हणाल्या. मग आवाज एकदम खाली आणून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "पानी लई पीत जावा. आन गुडघं दुखाय लागलं तर डाक्टरला नाव सांगा. मी लाजले, बघा."

मी मान हलवली आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. नवऱ्यानं एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी धरलं, आणि आम्ही त्यांना हळूहळू दारापर्यंत चालवत नेलं. त्या दर दोन पावलांना माझ्या अंगावर झुकत होत्या.